दहा रात्री, तीन मुक्काम : परदेशातील छोट्या रेल्वेप्रवासाची आखणी

परदेशातील छोट्या रेल्वेप्रवासाची आखणी रात्रींच्या हिशेबाने करावी लागते. दिवस कागदावर कसाही चिरता येतो : सकाळ एका शहरात, दुपार दुसऱ्यात, संध्याकाळ तिसऱ्यात. रात्र मात्र चिरता येत नाही. ती एकाच गावात, एकाच खोलीत किंवा एकाच डब्यात काढावी लागते. म्हणून शहरांची यादी करण्याआधी हाताशी रात्री किती आहेत आणि त्या कुठे कुठे पडणार, हे ठरले पाहिजे. बहुतेक फसलेल्या सहलींत नेमकी उलटी सुरुवात झालेली असते. आधी आठ शहरे ठरतात आणि मग त्यांना रात्री पुरवत बसावे लागते.

या हिशेबाचा एक जुना नमुना वर्ध्याला परका नाही. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी ‘राजपुताना’ बोटीने निघाले. ११ सप्टेंबर १९३१ रोजी ते मार्सेयला उतरले आणि तिथून रेल्वेने पुढे जाऊन दुसऱ्या दिवशी लंडनला पोचले. परतीची वाट वेगळी होती. ५ डिसेंबरला लंडन सोडून ते पॅरिसला आले आणि त्याच संध्याकाळी त्यांची सभा झाली. दुसऱ्या दिवशी रेल्वेने ते स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्हला गेले. जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकावरच्या या लहान गावात फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ राहत असत. ११ तारखेपर्यंत मुक्काम तिथेच होता. मग मिलानमार्गे १२ तारखेला रोम, तिथून १४ तारखेला ब्रिंडिसी बंदर, आणि ‘पिल्सना’ बोटीने २८ डिसेंबरला मुंबई. सोबत महादेवभाई देसाई, मीराबेन, प्यारेलाल आणि देवदास होते. मीराबेनना गांधीजींचा परिचय पहिल्यांदा रोलाँकडूनच झाला होता. पुढे त्या वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, येऊन राहिल्या.

राजकारण आणि तत्त्वचर्चा बाजूला ठेवून हा प्रवास केवळ वेळापत्रक म्हणून वाचला, तर तो आजच्या कित्येक सहलींपेक्षा शहाणा दिसतो. लंडन सोडल्यापासून बोटीत बसेपर्यंत नऊ रात्री झाल्या. एक पॅरिसला, पाच व्हिलनव्हला, एक रोमला आणि दोन गाडीत. नऊ रात्रींत मुक्कामाची गावे तीनच, आणि त्यांतल्या एका गावाला निम्म्याहून अधिक रात्री. व्हिलनव्हला असताना गांधीजी सभांसाठी ८ डिसेंबरला लोझानला आणि १० डिसेंबरला जिनिव्हाला जाऊन आले. सामान मात्र व्हिलनव्हलाच राहिले. व्हिलनव्ह-लोझान अंतर सुमारे ३० किलोमीटर, म्हणजे साधारण वर्धा-पुलगावएवढे. जिनिव्हा सुमारे ९० किलोमीटर, वर्धा-नागपूरपेक्षा थोडे जास्त. वर्ध्यातले असंख्य नोकरदार आणि विद्यार्थी रोज नागपूरला जे करतात, तेच तिथे झाले. वर्धेकर त्याला अपडाऊन म्हणतात.

आणखी एक बाब. ७ डिसेंबर हा सोमवार होता आणि सोमवार गांधीजींच्या मौनाचा. सलग दोन दिवस प्रवास झाल्यावर तिसऱ्या दिवशी ना सभा, ना भाषण. आखणी करणाऱ्याने तो वार मुद्दाम तिथे आणला असेल असे नाही, पण सहलीत मोकळा दिवस जिथे पडायला हवा, तिथेच तो पडला.

रोमची गोष्ट निराळी. तिथे रात्र एकच मिळाली, आणि तिच्या दोन्ही बाजूंची रात्र गाडीत गेली. त्या अवधीत मुसोलिनीची भेट झाली आणि व्हॅटिकनमधले सिस्टीन चॅपेल पाहून झाले. पोपची भेट झाली नाही. ज्याची माणसे कामे जुळवून देतात आणि ज्याच्या वेळेचा बंदोबस्त सरकार ठेवते, त्याला हे निभावले. खांद्यावर पिशवी आणि हातात मोबाइल घेऊन फिरणाऱ्या साध्या प्रवाशाने रोमला एक रात्र देऊ नये.

हाच मार्ग आजच्या साध्या प्रवाशासाठी आखायचा झाला तर लंडन गाळावे. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि एका शहरासाठी दुसरा अर्ज, दुसरे शुल्क व दुसरी प्रतीक्षा छोट्या सहलीला परवडत नाही. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली या तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि तिथले चलनही फ्रँक आहे, पण २००८ पासून तो शेंगेन व्यवस्थेत आहे. विमानाचे तिकीट गांधीजींच्या बोटीसारखेच काढावे : उतरणे एका ठिकाणी, परतणे दुसऱ्या ठिकाणाहून. पॅरिसला उतरून पुन्हा पॅरिसहूनच परतायचे ठरवले, तर रोमहून मागे येण्यात एक अख्खा दिवस जातो.

दहा रात्री धरल्या तर पॅरिसला तीन, लोझानला चार आणि रोमला तीन अशी वाटणी होते. दहा रात्रींचे अकरा दिवस. त्यांतला पहिला उतरण्याचा, शेवटचा निघण्याचा, आणि मधले दोन गाव बदलण्याचे. उरले सात. पाहण्याफिरण्याचे खरे दिवस एवढेच. चौथे शहर घातले की सातांचे सहा होतात आणि पाचवे घातले की पाच. ‘दहा दिवसांत सात देश’ अशा जाहिरातींत हे गणित कधी मांडलेले नसते.

गाव बदलण्याला दिवस का लागतो, हे वेळापत्रकातून कळत नाही. पॅरिसहून लोझानला टीजीव्ही पावणेचार तासांच्या आसपास पोचते. पण खोली सोडणे, सामान घेऊन स्टेशनला जाणे, फलाट शोधणे, उतरल्यावर नवे हॉटेल गाठणे आणि खोली मिळेपर्यंत थांबणे यांत आणखी अडीच-तीन तास जातात. सकाळी नऊला निघालेला माणूस दुपारी साडेतीनच्या सुमारास मोकळा होतो. लोझान-रोम टप्पा याहून लांब. मिलानपर्यंत सव्वातीन-साडेतीन तास, तिथे गाडी बदलायची, आणि पुढे रोमपर्यंत वेगवान गाडीने तीन-सव्वातीन तास. मधला थांबा धरून दारापासून दारापर्यंत दहा तास होतात. इथे मिलानला एक रात्र काढावी असा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. एक रात्र म्हणजे सामान दोनदा उघडणे, दोनदा बांधणे आणि शहर मात्र अर्धेच. त्यापेक्षा हा दिवस गाडीलाच द्यावा. सरोवराचा काठ, ऱ्होनचे खोरे, १९०६ साली सुरू झालेला सुमारे २० किलोमीटरचा सिम्प्लॉन बोगदा आणि त्याच्या पलीकडचे माज्जोरे सरोवर हे सगळे खिडकीतून दिसते. उजेडात केलेला रेल्वेप्रवास हा सहलीचाच भाग असतो, वाया गेलेला वेळ नव्हे.

मिलानचे भव्य मुख्य स्थानक १९३१ च्या जुलैमध्ये, म्हणजे गांधीजी तिकडून जाण्याआधी काही महिने, सुरू झाले. तिथे गाडी बदलताना दोन गाड्यांमध्ये निदान एक तास ठेवावा. सीमा ओलांडून येणारी गाडी उशिरा येऊ शकते, आणि दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर चुकलेल्या पुढच्या गाडीची जबाबदारी कोणी घेत नाही. एकाच सलग तिकिटावर प्रवास असेल तर युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे एक तास उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास झाल्यास ५० टक्के परतावा मागता येतो.

स्थानकांच्या नावांचा घोळ वर्धेकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. एकाच शहराला वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम अशी दोन स्थानके आहेत. सेवाग्राम हे पूर्वीचे वर्धा ईस्ट, आणि नागपूरहून बल्लारशाकडे जाणारी गाडी तिथून जाते, वर्धा जंक्शनला येत नाही. पॅरिसमध्ये अशी मोठी स्थानके अर्धा डझन आहेत. लंडनची गाडी गार दु नोरला येते, तर लोझानची गार द लियाँहून सुटते. दोहोंमध्ये उपनगरी रेल्वेचे एकच स्थानक पडते, तरी सामान आणि जिने धरून पाऊण तास लागतो. तिकिटावर शहराचे नाव पाहून समाधान मानू नये. स्थानकाचे नाव वाचावे.

भारतीय प्रवाशाच्या काही सवयी तिकडे उपयोगी पडतात, तर काही आड येतात. चोवीस तासांच्या घड्याळाची सवय उपयोगी. वेटिंग लिस्ट, आरएसी, तत्काळ यांना तिथे जोड नाही. फ्रान्स आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षण लागतेच, आणि भाडे विमानासारखे वाढत जाते. कित्येक आठवडे आधी काढलेले तिकीट आदल्या दिवशीच्या तिकिटाच्या तुलनेत बरेच स्वस्त पडते. स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांना मात्र आरक्षणच नसते. १९८२ पासून तिथे गाड्या ठरावीक अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात. त्यामुळे लोझानहून जिनिव्हा, मोंत्रो किंवा व्हिलनव्ह अशा अपडाऊनची वेळ आधी ठरवण्याची गरज पडत नाही. एक गाडी गेली तर पुढची येते. म्हणूनच चार रात्रींचा मुक्काम तिथे ठेवण्यात शहाणपण आहे. आखणीतला सगळ्यात लवचिक भाग सगळ्यात लवचिक रेल्वेच्या देशात पडतो.

युरेल पासचे आकर्षण या सहलीपुरते आवरावे. लांबचे टप्पे दोनच आहेत, आणि पास असला तरी वेगवान गाड्यांच्या आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. स्वित्झर्लंडमधील तीन दिवसांच्या फिरतीसाठी तिथला पर्यटक पास किंवा अर्ध्या भाड्याचे कार्ड यांचा हिशेब तेवढा करून पाहावा.

यानंतर वारांचा विचार. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते. १ मेलाही बंद असते, आणि त्या दिवशी पॅरिसमध्ये बरेच काही बंद असते. महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून निघणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद असतात. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने उघडत नाहीत. सहल बुधवारी पॅरिसला उतरून सुरू केली तर गुरुवार-शुक्रवार पॅरिसचे, शनिवारी गाव बदल, रविवार ते मंगळवार लोझानचे, बुधवारी रोमकडे प्रयाण आणि गुरुवार-शुक्रवार रोमचे, असे सगळे नीट बसते. रविवारी दुकाने बंद असली तरी डोंगर आणि सरोवर उघडेच असतात. दूध आणि फळे तेवढी शनिवारी स्थानकातूनच घ्यावीत.

उजेडाचाही हिशेब असतो. मे अखेरीस पॅरिसला रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो, तर डिसेंबरमध्ये पाचच्या आतच. मे महिन्यातली संध्याकाळ ही जवळजवळ दुसरी दुपार असते. म्हणून गाव बदलण्याच्या दिवशीही हाती काही उरते. हिवाळ्यात ते उरत नाही. हिवाळी प्रवासात आणखी एक खोच आहे. युरोपातील रेल्वेचे नवे वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री लागू होते, त्यामुळे त्यानंतरची आरक्षणे काही ठिकाणी उशिरा खुली होतात.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री पडतात त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात पहिले पाऊल पडणार त्याच्याकडे. या आखणीत तो देश स्वित्झर्लंड, म्हणजे रात्रींचा हिशेब इथेही सुटत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी जावा लागतो. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि प्रवासविम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः केंद्रावर हजर व्हावे लागते. वर्ध्याहून त्यासाठी मुंबईला जायचे म्हणजे दोन रात्रींचा रेल्वेप्रवास, तोही खर्चात धरावा. हॉटेले रद्द करता येण्याजोगी घ्यावीत. परत न मिळणारी स्वस्त रेल्वेतिकिटे व्हिसा हाती आल्यावर काढावीत. मधल्या काळात भाडे थोडे वाढले तरी ते नकारानंतर बुडणाऱ्या रकमेपेक्षा कमीच असते.

सामान एकट्याने जिना चढवता येईल एवढेच असावे. तिथे हमाल नसतात. पेढे, खवा आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी, कारण दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत.

राहिला वर्धा ते मुंबई हा साडेसातशे किलोमीटरहून लांबचा टप्पा. परदेशातली आखणी चोख करणारे याच टप्प्यावर घसरतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून भारतीय रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधीच खुलते, विमानाचे तिकीट मात्र त्याच्या कितीतरी आधी काढलेले असते. साठाव्या दिवसाची नोंद कॅलेंडरवर करून ठेवावी. जाताना विमानाच्या आदल्या सकाळीच मुंबई गाठावी. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली तरी एक दिवस हाताशी राहतो. येताना विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत निदान सहा तास असावेत. तिकिटावर सीएसएमटी, दादर की लोकमान्य टिळक टर्मिनस हे पाहून घ्यावे, आणि गाडी वर्धा जंक्शनला थांबते की सेवाग्रामला, हेही. घ्यायला येणाऱ्याने पहाटे चुकीच्या स्थानकावर उभे राहू नये.