पातं परदेशी, मूठ घरची

मराठ्यांच्या शस्त्रांत फिरंग नावाची एक तलवार होती. तिचं अर्धं गोत्र नावातच आलं. लांब, सरळ पातं युरोपातून जहाजानं यायचं आणि इथला कारागीर त्याला आपल्याकडची, सगळा हात झाकणारी मूठ बसवायचा. अशा काही पात्यांवर आंद्रेआ फेरारा हे नाव कोरलेलं सापडतं. फेरारा हा सोळाव्या शतकातला इटालियन तलवार-कारागीर. त्याच्या नावाला एवढी किंमत होती की जर्मन लोहारही ते आपल्या पात्यांवर घालू लागले. म्हणजे नाव इटलीचं, पातं जर्मनीचं आणि मूठ दख्खनची! मग ही तलवार कुठली म्हणायची? जिच्या मुठीवर इथल्या हाताचं माप आहे, ती इथलीच. म्हणून जुन्या शस्त्राचं मूळ शोधणारा जाणकार पात्यावरच्या खुणेला लगेच भुलत नाही. तो आधी मूठ पाहतो.

सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांच्या ताकूबा तलवारीची गोष्ट अशीच आहे. हिच्या पात्यावर कधी कधी धावता लांडगा दिसतो. हा लांडगा मूळचा जर्मनीतल्या पासाऊ गावाचा. पुढे झोलिंगेनच्या कारागिरांनी तो उचलला. झोलिंगेनची पाती व्यापारी तांड्यांबरोबर आफ्रिकेत गेली, आणि तिथले लोहार स्वतः घडवलेल्या पात्यांवरही तोच लांडगा कोरू लागले. त्यामुळे लांडगा दिसला की तलवार जर्मन, असा निकाल देणारा हमखास फसतो. ताकूबाची क्रूसासारखी मूठ आणि चामड्याचं म्यान मात्र तिथल्या कारागिराच्या हातचं. तुआरेग समाजात लोखंड, लाकूड, चांदी यांचं काम करणाऱ्यांना इनादन म्हणतात. लांडग्याची नक्कल करता येते, पण पिढ्यान् पिढ्या वळलेल्या हाताच्या कामाची सहजी नक्कल होत नाही.

आता जुन्या हत्यारांना लावलेल्या चिठ्ठ्यांविषयी. एकोणिसाव्या शतकात अधिकारी, खलाशी, मिशनरी यांनी जगभरातून हत्यारं गोळा केली. वारसांनी ती विकली किंवा संग्रहालयांना दिली, तेव्हा सोबत गेली ती एखादी तुटपुंजी चिठ्ठी: ‘रानटी लोकांची तलवार’, ‘दक्षिण समुद्रातली बेटं’. अशी चिठ्ठी म्हणजे पाकिटावर गाव न लिहिता नुसतं ‘आशिया’ लिहिणं. त्यात अपमान आहेच, शिवाय माहितीही नाही. बोर्निओतल्या दायाक लोकांची मांडाऊ आणि आपल्या ईशान्येकडच्या नागा लोकांचा दाव या दोन्हींना ‘डोकी मारणाऱ्यांचं हत्यार’ एवढ्याच नावानं ढकललं गेलं. प्रत्यक्षात दोन्ही हातात घेतल्यावर गोंधळ होण्याचं कारण नाही. मांडाऊचं पातं एका अंगानं किंचित खोलगट आणि दुसऱ्या अंगानं फुगीर असतं. डावखुऱ्यासाठी ते उलट घडवतात, म्हणजे मूळ मालक कोणत्या हातानं वार करायचा तेही पात्यावरून कळतं. नागांचा दाव मुठीपाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद होत जातो. तो कमरेच्या मागे, लाकडी खाचेत अडकवून नेतात. बांबू तोडायलाही तोच आणि लढायलाही तोच.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र प्रशांत महासागरातलं आहे. किरिबास हा आज स्वतंत्र देश आहे. ब्रिटिशांच्या काळात तिथल्या मुख्य बेटांना गिल्बर्ट बेटं म्हणत. ही प्रवाळाची सखल बेटं. तिथे ना लोखंड, ना तांबं. तरीही तिथल्या माणसांनी पायापासून डोक्यापर्यंतचं चिलखत उभं केलं, आणि ते नारळापासून! काथ्याच्या दोरीनं घट्ट विणलेला अंगरखा, त्यावर काळ्याभोर मानवी केसांची शंकरपाळी नक्षी. पाठीमागे डोक्याच्याही वर जाणारी एक उंच फळी, तीही काथ्याचीच. आपल्याच बाजूच्या लोकांनी मागून भिरकावलेले दगड डोक्याला लागू नयेत म्हणून ती असे, असं सांगतात. आणि शिरस्त्राण? डिवचल्यावर टम्म फुगणाऱ्या काटेरी माशाची वाळवलेली कातडी. कोकणातल्या माणसाला काथ्या काय चीज आहे ते सांगायला नको. पण त्याचं चिलखत होऊ शकतं, हे पाहिल्यावर त्या कारागिरांपुढे मान लवते.

हे चिलखत लागायचं कारण समोरचं हत्यार. लाकडाच्या तलवारीला, भाल्याला दोन्ही कडांनी शार्कचे दात ओळीनं बांधलेले. एकेका दाताला बारीक भोक पाडून तो काथ्याच्या दोरीनं आवळलेला. शार्कच्या दातांची हत्यारं हवाई बेटांवरही होती. म्हणून नुसते दात पाहून गाव ठरत नाही. दात कसे बांधलेत, दोरी कशाची, गाठ कुठे बसवली, हे पाहावं लागतं.

त्या दातांनी आणखी एक साक्ष दिली. २०१३ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी शिकागोच्या फील्ड म्युझियममधली गिल्बर्ट बेटांची हत्यारं तपासली आणि प्रत्येक दात कोणत्या जातीच्या शार्कचा ते ठरवलं. त्यांत दोन जाती अशा निघाल्या, की गिल्बर्ट बेटांच्या आजच्या समुद्रात त्यांची नोंदच नाही. एकोणिसाव्या शतकात ते मासे तिथे पोहत असावेत आणि पुढे कुणी नोंद घेण्याआधीच नाहीसे झाले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कुणा बेटवासीयानं हातानं बांधलेल्या दातांत एका समुद्राचा इतिहास शिल्लक राहिला. ती हत्यारं ‘दक्षिण समुद्र’ एवढ्याच चिठ्ठीवर राहिली असती, तर दात कोणत्या पाण्यातले, हा प्रश्नच विचारता आला नसता.

आपल्या घराजवळही हाच नियम लागू पडतो. सातपुड्यातल्या भिल्लांचा तीरकमठा घ्या. कमान बांबूची, आणि दोरीच्या जागी ताणलेली पट्टीही बांबूचीच. त्या शेजारी मोगल धनुष्य ठेवा: लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू एकावर एक चिकटवून केलेलं. अंदमानातलं एक पारंपरिक धनुष्य चपटं आणि नागमोडी. तिन्ही धनुष्यंच, पण घडण आणि ताण देणारी वस्तू पाहिली की जंगल कोणतं, दरबार कोणता, हे समजतं.

पंचाईत अशी, की ही दोरी, वादी, वेताची बांधणी, लाकडी मूठ आधी कुजते आणि आपण तिलाच कचरा समजतो. जुनं हत्यार घरात सापडलं की पहिला विचार येतो तो घासूनपुसून लखलखीत करण्याचा. त्या घासण्यात मुठीवरचा हाताचा घट्टा जातो, जुनी राळ जाते, वादी बदलली जाते. उरतं ते चकचकीत पातं, आणि पातं तर जगभर फिरणारं!

म्हणून एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, देवघरात, गावच्या वाड्यात असं शस्त्र असेल तर ते घासू नका, जुनी बांधणी कापू नका, विकण्याची घाई करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शक्य असेल तर जवळच्या संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. आणि ते हत्यार घरात कुठून, कुणाकडून आलं हे कुणा वडीलधाऱ्याला आठवत असेल, तर त्यांच्याकडून ऐकून आजच एका कागदावर, गावाच्या नावासकट, लिहून ठेवा.