ऐकणारा समोर ठेवून



चांगलं लेखन कशानं चांगलं ठरतं, या विषयावर मला आज बोलायचं आहे. मी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा. म्हणून सुरुवात आमच्या गावापासूनच करतो.

16 ऑगस्ट 1942. मुंबईत 'चले जाव'चा ठराव होऊन आठच दिवस झाले होते. आष्टीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला. गोळीबार झाला, माणसं पडली. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटलं. तेव्हापासून आष्टी-चिमूर ही दोन नावं जोडीनंच घेतली जातात आणि आमच्या गावाच्या नावापुढे कंसात 'शहीद' लिहिलं जातं.

दरवर्षी या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन होतं, भाषणं होतात, शाळेतली मुलं निबंध लिहितात. निबंधांत रक्ताचे सडे असतात, प्राणांच्या आहुत्या असतात, धगधगती यज्ञकुंडं असतात. मुलांचा यात काही दोष नाही. आपण मोठी माणसं व्यासपीठावरून तेच बोलतो, तेच त्यांच्या वहीत उतरतं. पण हे शब्द कुठल्याही गावच्या, कुठल्याही हुतात्म्याला चालतात. त्यांत आष्टी कुठे आहे?

आता एकच गोष्ट सांगतो. तो दिवस नागपंचमीचा होता. आपल्याकडे नागपंचमीला वावरात नांगर-वखर धरत नाहीत, जमीन उकरत नाहीत. घरात बाया विळीवर काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. जमिनीतल्या जिवाला धक्का लागू नये म्हणून उकडलेलं खायचं आणि हत्यार बाजूला ठेवायचं, असा हा सण. अशा दिवशी आमच्या गावात बंदुका चालल्या. श्रावणातली ती दुपार मनासमोर आणायला मला यज्ञकुंडाची गरज वाटत नाही. ज्याच्या घरात नागपंचमी पाळली जाते, त्याला एवढं सांगितलं की पुरतं. मला चांगल्या लेखनाची पहिली खूण इथे दिसते. लिहिणाऱ्यानं नेमकी वस्तू शोधलेली असते आणि ऐकणाऱ्याच्या घरात काय चालतं, ते त्याला ठाऊक असतं.

या लढ्यामागे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती, हे आमच्याकडे सगळेच सांगतात. सरकारलाही ते कळत होतं. त्याच ऑगस्टमध्ये महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. जरा विचार करा. हा माणूस अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, प्राथमिक शाळाही धड पुरी न झालेला. हातात खंजिरी. त्याच्या भजनांची एवढ्या मोठ्या राज्यसत्तेला धास्ती वाटली. त्या भजनांची छापील पुस्तकं किती जणांकडे असतील? ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांना वाचताच येत नव्हतं. एकदा ऐकलं की ओळ तोंडी बसायची आणि घरी जाताना माणूस ती गुणगुणत जायचा.

आमच्याच तालुक्यातल्या तळेगावहून अमरावतीचा रस्ता धरला की वर्धा नदीपलीकडे मोझरीचा गुरुकुंज आश्रम लागतो. हा महाराजांचाच आश्रम. त्यांची ग्रामगीता 1955 साली प्रसिद्ध झाली, तिचे अध्याय 41. गावाची सफाई, मैल्याचं खत, गाई-बैलांची निगा, व्यायाम, लग्नातली उधळपट्टी असे तिचे विषय. काव्यात बसणार नाहीत असं वाटणारे हे विषय महाराजांनी ओवीत बसवले. ओवीची बांधणी लक्षात घ्या. पहिले तीन चरण यमकानं एकमेकांना धरून चालतात, चौथा आखूड आणि मोकळा. त्या चौथ्या चरणावर वाचणारा दम घेतो आणि ऐकणाऱ्याला मान डोलवायला, हुंकार भरायला जागा मिळते. ज्ञानेश्वरीपासून चालत आलेली ही रचना ऐकणाऱ्या माणसासाठीच घडलेली आहे. महाराजांनी ती उचलली आणि खताच्या खड्ड्यापर्यंत नेली.

एक खंत बोलून दाखवतो. मराठी साहित्यावर चर्चा होते तेव्हा ग्रामगीतेचं नाव फारसं निघत नाही. भक्तांचा ग्रंथ म्हणून तिला नमस्कार होतो आणि ती बाजूला ठेवली जाते. नागपूर विद्यापीठाला महाराजांचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. पण लेखन कसं करावं हे शिकवणाऱ्या वर्गात ग्रामगीता उघडली जावी, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याच जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. विनोबांच्या आई, रुक्मिणीबाई, गीतेवरची प्रवचनं ऐकायला जात. पण संस्कृत कळेना. मुलानं मराठी पद्यातली गीता आणून दिली, तीही अवघड वाटली. तेव्हा त्या म्हणाल्या, तूच का करत नाहीस? 1918 साली त्या गेल्या. विनोबांनी गीताई, म्हणजे मराठी पद्यातली गीता, लिहायला घेतली ती 1930 च्या ऑक्टोबरात आणि फेब्रुवारी 1931 मध्ये ती पुरी केली. जिच्यासाठी लिहायची ती ऐकायला नव्हती. विनोबांनी मग काय केलं? आश्रमातल्या मुलींचा वर्ग घेऊन त्यांना गीताई शिकवली. मुली जिथे अडखळल्या त्या जागा टिपून ठेवल्या आणि तिथले शब्द बदलले. नंतर ती छापायला गेली.

श्रोतेहो, हा माणूस उपनिषदं कोळून प्यालेला, कितीतरी भाषा जाणणारा. त्याला शब्द कोण सुचवणार? तरीही त्यानं लहान मुलींच्या अडखळण्याला परीक्षकाचा मान दिला. गीताई सोपी आहे ती आशय पातळ केल्यामुळे नव्हे. मूळ श्लोकाला श्लोक ठेवून, त्याच मापात, त्यांनी ती आणली. कष्ट सगळे लिहिणाऱ्यानं सोसले, म्हणून वाचणाऱ्याची वाट मोकळी झाली. वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. छप्पर नाही, मूर्ती नाही; उभ्या शिळांवर श्लोक कोरलेले. लेक-सुना तिथे जातात आणि शिळेसमोर उभ्या राहून मोठ्यानं वाचतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं.

याच विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. समोर कैदी बसलेले, त्यांत साने गुरुजी. गुरुजी झरझर लिहून घेत होते, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आलं. बोललेलं पुस्तक झालं तरी त्यातला बोलण्याचा सूर गेला नाही. समोरच्या माणसाला उद्देशून वाक्य निघालं होतं, ते कागदावरही तसंच राहिलं.

कुणी म्हणेल, ही सगळी मोठी माणसं. आमच्या रोजच्या लिहिण्याशी त्यांचा काय संबंध? मी म्हणतो, फार जवळचा आहे. आमच्या भागात संत्रा आहे, कपाशी आहे, सोयाबीन आहे. पावसानं आंबिया बहाराची फळगळ झाली की शेतकरी तलाठ्याकडे, तहसीलला अर्ज देतो. अर्ज बहुधा कुणाकडून तरी लिहून घेतलेला असतो. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' इथून गाडी सुरू होते आणि कागद अर्धा संपतो तरी वावरात काय झालं ते कळत नाही. तोच शेतकरी चहाच्या टपरीवर बोलतो तेव्हा मात्र ऐका. 'चार दिवस झड लागली, झाडाखाली पाणी साचलं, आता रोज सकाळी टोपलंभर संत्री खाली पडलेली असतात, बोट लावलं तर देठ सुटतो.' हे आहे लेखन! त्यात गट नंबर घाला, झाडं किती ती लिहा, पाऊस कोणत्या तारखांना लागला ते लिहा आणि पंचनामा करण्याची मागणी करा. कागदाच्या एका बाजूत मावतं आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला फळगळ डोळ्यांनी दिसते. बोलताना ज्याची जीभ इतकी नेमकी चालते, तो लेखणी हातात आल्यावर का बिचकतो? लिहायचं म्हणजे भारी लिहायचं, ही समजूत आपणच शाळेपासून त्याच्या डोक्यात घातली आहे. ती आता काढायला हवी.

अवघड लेखन वाईटच असतं, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्ञानेश्वरांचं अनुभवामृत अवघड आहे. विषयच खोल असेल तर वाट चढणीची असायचीच. पण चढण विषयाची असावी, लिहिणाऱ्याच्या आळसाची नसावी. स्वतःला न उमगलेलं झाकण्यासाठी जे शब्द येतात, ते मोठ्यानं वाचले की उघडे पडतात. डोळा अशा वाक्यावरून घसरून जातो, कान जात नाही.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. 1942 ची ती नागपंचमी ज्यांनी आठ-दहा वर्षांच्या वयात पाहिली, ती माणसं आज नव्वदीच्या पुढे आहेत. आष्टीत, चिमुरात, आजूबाजूच्या खेड्यांत असं कुणी आपल्या घरात, आळीत असेल, तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, अंगणात कोण होतं, पहिला आवाज कुठून आला, हे विचारा. ते बोलतील त्याच शब्दांत लिहा. आपलं यज्ञकुंड मध्ये घालू नका. लिहून झालं की त्यांनाच वाचून दाखवा आणि जिथे ते 'असं नव्हतं रे' म्हणतील, तिथे खोडा आणि पुन्हा लिहा. हे काम याच श्रावणात सुरू करा.