धुराचा हिशेब



मी आकडे वाचायला शिकलो ते पगारपत्रकावरून. तेव्हा शास्त्रज्ञांचा हिशेबही त्याच रीतीने मांडतो.

हवेत डोळ्यांना न दिसणारे कण तरंगत असतात. वावरात पऱ्हाटी जाळली की काजळी उठते. ती काळी, म्हणून ऊन शोषते आणि हवा तापवते. पारसच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो. कोळशातल्या गंधकापासून बनलेले कण ऊन परतवतात, म्हणजे गारवा देतात. शिवाय कण हे ढगातल्या थेंबांचे बी. ते फार झाले की पाणी तेवढेच, वाटेकरी अधिक. पंगत वाढली आणि वरण तेवढेच, असा प्रकार! थेंब बारीक राहतात, ढग जास्त पांढरा होतो आणि अधिक ऊन परतवतो.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालात १७५० ते २०१९ चा ताळेबंद आहे. कार्बन डायऑक्साइडची उष्णता दर चौरस मीटरला २.१६ वॅट; अंदाज १.९० ते २.४१ मध्ये बसतो. कणांचा एकूण गारवा १.१ वॅट, पण अंदाज ०.४ पासून १.७ पर्यंत, म्हणजे चौपट अंतर! आपल्याकडे नुकसानभरपाईच्या दाव्यात वकील म्हणतात, "आकडा निश्चित नाही, सबब देणे नाही." अहो, ०.४ म्हणजे शून्य नव्हे.

कण आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसतात. वायू शेकडो वर्षे टिकतो. धूर कमी झाला की झाकलेली उष्णता उघडी पडते. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आणली. त्याने उष्णता किती उघडी पडली, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. मग धूर राहू द्यावा काय? असे म्हणणाऱ्याला जिनात रेच्यापाशी आठ तास उभे करावे. श्वासात कण घेणे म्हणजे काय ते त्याला कळेल.

वाद मिटतो तो मोजून. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २००९ पासून विमाने ढगांत नेऊन कण आणि थेंब मोजले. सोलापुरातही मोजमाप केले. २०१२ मध्ये महाबळेश्वरला प्रयोगशाळा काढली, कारण पावसाळ्यात तिथे ढगच दारात येतो. आपल्या चिखलदऱ्यालाही येतो की! तिथेही वर्षानुवर्षे असे मोजमाप व्हावे, ही माझी मागणी आहे. पुढच्या वीस वर्षांत ऊन किती चढेल याचा अंदाज जितका नेमका, तितक्या ठामपणे मे महिन्यात हमालाने दुपारी किती वाजेपर्यंत पोते उचलावे, हे आम्हाला करारात लिहून घेता येईल.