एकच जाजम

(३ जानेवारी रोजी आमच्या गावच्या महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आज सावित्रीबाई फुले यांची जयंती. या दिवशी दोन शब्द बोलण्यास मंडळाने आम्हांस बोलाविले, हा आम्ही आमचा मान समजतो. आम्ही कोणी मोठे वक्ते नव्हे. मुलांस बाराखडी व पाढे शिकविणारे गावचे मास्तर. तेव्हा जे बोलावयाचे ते साध्या भाषेत आणि आपल्याच घरातले बोलू.

प्रथम मंडळाची तारीफ केली पाहिजे. नागपंचमीचे फेर, गौरीची जागरणे, नवरात्रातला भोंडला, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, हे सारे तुम्ही पदरची वर्गणी काढून करता. काही पुरुषमंडळी म्हणतात, "बायकांना दुसरा उद्योग नाही." असे म्हणणाऱ्याने एक दिवस पहाटे उठून भाकऱ्या थापाव्या, ऊन चढेपर्यंत खुरपावे आणि सांजेला पुन्हा चूल पेटवावी, मग बोलावे. जिला दिवसभर पाठ टेकावयास मिळत नाही, तिने चारचौघींत दोन घटका बसून हसावे, गावे, यात गैर काय? शिवाय कोणाच्या घरी दारू शिरली, कोणाच्या पोरीची शाळा सुटू पाहते, हे आम्हां मास्तरांच्या आधी तुमच्या बैठकीस कळते. अशा बैठकीने दोन पोरी पुन्हा शाळेत आलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

याच बसण्याउठण्यातून आपला बचत गट उभा राहिला. नेमाने बैठक, नेमाने बचत, आपसांत कर्ज, नेमाने फेड आणि चोख हिशेब, ही त्याची पाच सूत्रे तुम्हांस तोंडपाठ आहेत. गटाची वही आम्ही पाहिली आहे. तीत माळीण, सुतारीण, कुंभारीण, चांभारीण यांची नावे एकाखाली एक आहेत. सधवा आणि विधवा असा रकाना त्या वहीत नाही. हप्ता चुकला तर दंड सर्वांस सारखा. न्याय तो हाच.

आता थोडे कडू बोलावयाचे आहे. ते दुसऱ्यावर न ढकलता स्वतःपासून आरंभ करतो. मागच्या संक्रांतीस शाळेत मातांचे हळदीकुंकू ठरले. चिठ्ठ्या आम्ही आमच्या हाताने लिहिल्या : "सर्व सुवासिनी मातांनी अगत्य येण्याचे करावे." रीत आहे म्हणून लिहिले, विचार केला नाही. तिसरीतला एक मुलगा चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, सुवासिनी म्हणजे काय?" आम्ही अर्थ सांगितला. पोर थोडा वेळ उभे राहिले. मग चिठ्ठीची नीट घडी करून ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मग ही आमची नाही."

ते पोर कुंभाराचे. बाप वारल्यास तेव्हा दोन वर्षे झाली होती. आई चाक चालविते, भट्टी लावते, गटातून काढलेले कर्ज तिने मुदतीआधी फेडले. तिच्या हातची सुगडे गावात घरोघर जातात. त्यांत ऊस, बोरे, गाजर, हरभऱ्याचे घाटे आणि तिळगूळ भरून आपण ती पुजतो आणि वाण म्हणून देतो. जिच्या सुगडावाचून या गावची संक्रांत होत नाही, ती बाई संक्रांतीच्या दिवशी दाराआड बसते! तिच्या सुगडास विटाळ नाही, तिच्या हप्त्यास विटाळ नाही. मग तिच्या पावलासच तो कोठून आला?

याचे उत्तर आम्हांस सापडले नाही. ते शोधू गेलो तेव्हा कळले की आपल्या वडीलधाऱ्यांनी ते कधीच देऊन ठेविले आहे. सावित्रीबाईंनी १८५२ साली पुण्यात महिला सेवा मंडळ काढले आणि त्याच साली संक्रांतीचे हळदीकुंकू केले. त्यात सर्व जातींच्या बायकांस एकाच जाजमावर बसविण्याचे व भेद न करण्याचे ठरविले. पुढे १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. हातावर पोट असलेल्या कारागिरांनी आपल्या मजुरीवर पाणी सोडले, ही गोष्ट लहान नव्हे. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे कळविले. हेरवाड काही मोठे शहर नव्हे, आपल्यासारखेच गाव.

कोणी म्हणेल, "ही वाडवडिलांची रीत आहे." आपल्या पुष्कळ कुणबी व कारागीर जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती, म्हणजे नवरा मेला की बाईचा जन्म संपला असे आपल्या वाडवडिलांनी मानले नव्हते. पण पाटाच्या बाईस ओटी भरावयास ते पुढे करीत नसत, हेही खरे. त्यांचे चांगले ते घ्यावे, चुकले ते सोडावे. शेतकरी बियाणे निवडतो तसे.

दुसरी म्हणेल, "त्यांनाच यावयाचे नसते." बाई, ज्या घरी वर्षानुवर्षे बोलावणे गेले नाही, तेथील माणूस "मला नकोच होते" असेच म्हणणार. मानी माणसाची ती रीत आहे. आधी बोलावून पाहा. कुंकू लावावे की न लावावे हे जिचे तिने ठरवावे. जबरदस्ती कोणावर नको. पण जाजमावर जागा, हातावर तिळगूळ आणि पदरात वाण सर्वांस सारखे पाहिजे.

संक्रांतीस अकरा दिवस आहेत. त्यास पैसा लागत नाही, सरकारचा हुकूम लागत नाही. जाजमही मंडळाचे आहेच. चिठ्ठ्या या खेपेसही आम्हीच लिहून देऊ. "गावातील सर्व आयाबहिणींनी यावे," एवढेच त्यांत लिहू. पहिली चिठ्ठी कुंभारवाड्यात न्यावयाची आहे. ती नेऊन देणे आमचे काम होय, कारण चूक आमची होती. पण बोलावणे बायकांचे असते. तेव्हा आमच्याबरोबर मंडळातील कोणी दोघी येणार, तेवढे आज उठण्यापूर्वी सांगावे, इतकीच आमची विनंती आहे.