गुन्हेगारीचे मूळ बेकारीत

महानगरातील हिंसक गुन्हेगारी केवळ पोलिसी बळाने संपेल, हा भ्रम होय. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतील हजारो कायमचे बेकार झाले. गिरणगावच्या चाळींतील त्यांची काही मुले टोळ्यांनी हेरली. पुढे चकमकींत पोरे मारली गेली. बेकारी मात्र तशीच राहिली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा सार्वजनिक घरांसाठी राखला. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला. चिमण्यांच्या जागी मनोरे आले. गुन्हेगाराला शासन व्हावेच. परंतु तरुणांच्या हाताला काम आणि श्रमिकांना घर मिळवून देण्याचा लढा सोडून शांतता मागणे ही आत्मवंचना आहे.