नावडतीच्या पायांतले काटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



श्रावणी सोमवारी आपल्या मुलुंडात पुष्कळ घरी शिवामुठीची कहाणी वाचतात. तांदूळ, तीळ, मूग अशी मूठ आपण महादेवाला वाहतो आणि कहाणी संपली की उपास सोडण्याच्या तयारीला लागतो. व्रताबद्दल माझे काही म्हणणे नाही. मला बोलायचे आहे ते कहाणीतल्या सुनेबद्दल.

राजाच्या चार सुना. तीन आवडत्या, एक नावडती. तिला खायला उष्टे, नेसायला जाडेभरडे, राहायला गुरांचा गोठा. का? तिने असे काय केले होते? कहाणी सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. ‘नावडती’ हा एकच शब्द पुरतो. नवऱ्याने तिची बाजू घेतली, असे कोठे ऐकू येत नाही. उलट, साऱ्यांची आवडती होण्यासाठी उपास करायचा तो तिनेच!

पुढे घरची माणसे तिचा देव पाहायला रानात तिच्या मागोमाग जातात. तिला वाटेची सवय होती. यांच्या पायांत मात्र काटे मोडले, फोड आले, तेव्हा त्यांना तिची दया आली. ही रोज कशी येत असेल, असे मनात आले. कहाणी सांगणारी मोठी जाणती होती, भगिनींनो! पण तेवढा भाग आपण भरभर वाचून टाकतो, कारण पुढे सोन्याचे देऊळ आहे. सुनेला पालखीतून घरी आणले, तेही तिच्यामुळे देव भेटला म्हणून. गोठ्यात ठेवले हे चुकले, असे कोणी म्हणाले नाही.

कथा-नाटकांत सारा दोष बाईच्या माथी मारणाऱ्यांना बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून खडसावले. प्रश्न विचारण्याची रीत आपल्याकडे अशी जुनी आहे. त्याने श्रद्धेला बाध येत नाही.

आता घरामागे गोठे नाहीत, पण बंद ब्लॉकांत नावडत्या आहेत. शेजारून रडणे ऐकू आले, की आपण ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून दार लावून घेतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला. त्याप्रमाणे सुनेला राहत्या घरातून मनमानीने हाकलून देता येत नाही. शेजारीणसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूने कळवल्यास तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. मग काटा आपल्या पायात मोडेपर्यंत थांबायचे कशाला?

येत्या श्रावणात कहाणी जरूर वाचा. लेकीसुनांना, आणि मुलग्यांनाही, जवळ बसवा. काट्यांपाशी आलात, की क्षणभर थांबा आणि विचारा, “हिला नावडती कोणी ठरवले?”