गिधाडाची बाजू
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या मंगल दिवशी गिधाडाचे नाव काढावे, हे काहीजणींना रुचणार नाही. विषय ऐकून आपल्या चिटणीसबाईही क्षणभर थबकल्याच! पण सीतेची हाक ऐकून धावला तो जटायू गृध्रच होता, हे आपण विसरतो. एरव्ही हावरटपणाला नाव द्यायचे झाले की आपल्याला गिधाडच आठवते. खरे पाहता हा पक्षी कोणाचे काही हिसकावीत नाही. मेलेले तेवढे खातो. गावाबाहेर टाकलेले गुराचे धूड गिधाडांचा थवा तासाभरात साफ करीत असे, आणि या कामाची मजुरी कोणी देत नसे.

१९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात इतकी होती की मोजण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. पुढे राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात विभू प्रकाश या अभ्यासकांना गिधाडे माना टाकून झाडांवर बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांमागे एखादेच उरले. लांब चोचीच्या गिधाडांचीही शंभरातली सत्त्याण्णव गेली. एवढा मोठा संहार, आणि त्याचा आवाज मात्र झाला नाही.

कारण सापडायला २००४ साल उजाडले. पाकिस्तानातील पंजाबात मेलेल्या गिधाडांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या आतड्या-काळजावर खडूसारखा पांढरा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी होऊन अंगातले युरिक आम्ल तेथे साचले होते. हे घडविणारे औषध म्हणजे डायक्लोफेनॅक. आपल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांत असते तेच! गाय लंगडू लागली की तिला ते टोचत. गाय त्यानंतर लवकरच मेली, की तिचे मांस गिधाडाला विष होई. शंभर मेल्या जनावरांत एखाद्याच्या अंगात औषध असले तरी पुरे, कारण एका धुडावर सारा थवा जेवतो. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. गेलेली भर निघावी कशी?

गिधाडे गेली म्हणजे घाण गेली, असे कोणी समजू नये. मढी तशीच कुजू लागली, कुत्री माजली, आणि कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची भीतीही वाढते. मुले अंगणात खेळतात त्या घरांना हे वेगळे सांगायला नको. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशेब प्रसिद्ध केला. गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. मुंबईच्या पारशी बांधवांची अडचण तर निराळीच. डुंगरवाडीच्या दख्म्यांवर गिधाडे येईनाशी झाली, तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारी साधने बसवावी लागली.

सरकारने २००६ साली गुरांसाठी हे औषध बंद केले. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या! म्हणून २०१५ साली त्या बाटल्याही बंद करून एका वेळेपुरती तीन मिलिलिटरची कुपी तेवढी ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही औषधेही गुरांसाठी बंद झाली. असिक्लोफेनॅकचे तर गुराच्या पोटात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होते. कायदा असा एकेका नावामागे धावतो आहे. मेलॉक्सिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही, आणि गुराचे दुखणेही त्याने राहते.

प्रयत्न चालू आहेत. हरयाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास करतात. तेथील काही पक्षी जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणले. नाशिककडे हरसूल भागात मेलेली जनावरे ठरलेल्या जागी टाकून गिधाडांचे पान वाढतात. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या लोकांनी आपली गिधाडे सांभाळली आहेत. पण पिंजऱ्यात वाढविलेला पक्षी मोकळा सोडायचा आणि खाली गोठ्यात तेच औषध असायचे, तर खटाटोप कशाला?

येथे बसलेल्या पुष्कळजणींचे माहेर नाही तर सासर खेड्यात आहे, आणि दावणीला गुरे आहेत. गुरांचे डॉक्टर येतात तेव्हा घरातली बाईच बहुधा कासरा धरून उभी असते. त्या वेळी तिने एवढेच विचारावे, ‘‘दादा, हे इंजेक्शन कसले? मेलॉक्सिकॅम नाही का चालणार?’’ यात डॉक्टरांचा अपमान काही नाही. उरलेली माणसांची औषधे गोठ्याकडे जाणार नाहीत, हेही तिनेच पाहावे.

औषधांची नावे मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आणली आहेत. पानसुपारीच्या वेळी चिटणीसबाईंकडून एकेक प्रत घ्यावी, आणि गावी गेल्यावर गोठ्याच्या दाराला आतून चिकटवावी.